ओळखीचं कोणी आहे का?

कल्याण-शीळ रस्त्याने जाताना असं वाटतं, की आपल्याकडे घरं उदंड झाली आहेत, राहायला माणसंच मिळत नाहीत. दर शंभर पावलांवर एक होर्डिंग. त्यावर एक गोरं जोडपं, त्यांचं एक गोरं मूल, मागे निळाशार पोहण्याचा तलाव आणि खाली किंमत. ती कायम पन्नास लाखांना एक हजार कमी. पन्नास लाख म्हटलं की माणूस दचकतो, एकोणपन्नास लाख नव्याण्णव हजार म्हटलं की त्याला हुरूप येतो, असा बिल्डर लोकांचा अनुभव असावा. अक्षरं एवढी मोठी की चष्मा घरी विसरला तरी बिघडत नाही.

भाड्याच्या खोलीची जाहिरात वाचायला मात्र चष्मा लागतो आणि कंबरही वाकवावी लागते. ती असते विजेच्या खांबावर, वहीच्या पानावर, मूळव्याधीवरच्या खात्रीशीर इलाजाखाली अर्धी दबलेली. ‘रूम भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली. स्टेशनपासून ५ मिनिटं.’ खाली मोबाइल नंबर, त्यातले शेवटचे दोन आकडे पावसाने नेलेले. दिव्यापासून बदलापूरपर्यंत भाड्याची एकही खोली स्टेशनपासून पाच मिनिटांपेक्षा लांब नाही, हे मध्य रेल्वेचं वैशिष्ट्य आहे. अर्धा तास तंगडतोड करून घामाघूम अवस्थेत पोचल्यावर मालकाला छेडलं, तर तो शांतपणे सांगतो, “रिक्षाने हो.” रिक्षा कुठे मिळते? “ती स्टेशनवर मिळते.”

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण असं, की मी डोंबिवलीत ‘ओळखीचा माणूस’ म्हणून काम करतो. पगार नाही, पण मागणी भरपूर आहे. खोली बघायला गेलेल्या गरीब माणसाला मालक डिपॉझिटच्याही आधी एक प्रश्न विचारतो: “ओळखीचं कोणी आहे का?” मग आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना माझी आठवण होते. माझी पात्रता एवढीच: केस पांढरे आहेत, बँकेतून रीतसर निवृत्त झालो आहे आणि गेली तीसेक वर्षं एकाच पत्त्यावर राहतो. मी धुतलेला शर्ट घालून जायचं, दारात चप्पल काढायची आणि म्हणायचं, “मी यांना ओळखतो.” मी खरंच ओळखतो का, हे कोणी विचारत नाही. मला कोण ओळखतं, हेही नाही.

मावशींची गोष्ट घ्या. (त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत, पण मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. नात्याचा हा गुंता डोंबिवलीत कोणालाच खटकत नाही.) चार घरच्या पोळ्या करून त्यांना महिन्याला बारा हजार मिळतात. नवरा रात्रपाळीचा वॉचमन, त्याचे तेरा हजार. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. राहत होत्या ती बैठी चाळ मालकाने बिल्डरला दिली. चाळीच्या जागी सात मजले येणार आहेत आणि त्या सातही मजल्यांत मावशींना परवडणारी एक पायरी नाही. महिनाभरात खोली रिकामी करायची होती. बजेट साडेपाच हजार.

पहिल्यांदा आम्ही काचेच्या दाराच्या एका एजन्सीत गेलो. आत एसी होता, भिंतीवर गणपती होता, आणि टेबलामागचा तरुण फार अदबीने बोलत होता.

“बजेट किती आहे काका?”

“साडेपाच.”

“साडेपाच लाख डिपॉझिट? मिळेल ना. पलावा टाउनशिपला बघू या?”

साडेपाच हजार भाडं, असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली ती मी बँकेत फक्त थकीत कर्जदारांसाठी राखून ठेवत असे. या रेंजमध्ये आम्ही डील करत नाही, असं तो म्हणाला. बरोबरच आहे. दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी. पंचवीस हजारांच्या फ्लॅटला जेवढी पायपीट तेवढीच साडेपाच हजारांच्या खोलीला, उलट जास्तच, कारण तिथे लिफ्ट नसते. गरिबाचं घर शोधणं हा मुळात कोणाच्याच फायद्याचा धंदा नाही.

त्यामुळे या बाजाराचा खरा एजंट म्हणजे किराणावाला. कोणाची खोली रिकामी होणार, कोण गावाला चाललं, कोणाचं सासू-सुनेचं फाटलं, याची बित्तंबातमी त्याच्याकडे असते, कारण उधारीच्या वहीत ती आधी उमटते. जो भाडेकरू अचानक सगळी उधारी फेडतो, त्याची खोली पंधरा दिवसांत रिकामी होते, हा ठोकताळा मला एका किराणावाल्याने शिकवला. त्याच्यानंतर क्रमांक लागतो मोटरसायकलवरच्या पोराचा. त्याच्याकडे चाव्यांचा जुडगा असतो, ऑफिस नसतं, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘दुसऱ्या एजंटला सांगू नका’ असतं.

खोली बघणं वेगळं आणि खोलीच्या मालकिणीने आपल्याला बघणं वेगळं. दुसरा प्रकार फार वेळ चालतो. मालकीण बहुधा बादली पालथी घालून दारात बसलेली असते आणि प्रश्न विचारताना भाजी निवडत असते, म्हणजे उत्तर आवडलं नाही तर मान वर करायला नको.

“माणसं किती?”

“चार,” मावशी म्हणतात. सासूबाई अधूनमधून येतात, हे त्या सांगत नाहीत.

“लहान मूल नाही ना? रडण्याचा त्रास होतो.”

“नाही, मोठी आहेत.”

“मोठी म्हणजे किती मोठी? मोठ्या मुलांचे मित्र येतात.”

मूल किती वयाचं असलं म्हणजे ते भाड्याच्या खोलीत चालतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. रडायचं थांबलेलं आणि मित्र जमवायला न लागलेलं, असं ते वय बहुधा सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान असावं.

मग पाणी. पाणी सकाळी साडेपाच ते सहा. एका खोलीला एक पिंप. “कपडे रोज धुता का?” असा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. त्यावर ‘हो’ म्हटलं तर पाणी फार लागतं आणि ‘नाही’ म्हटलं तर माणसं अस्वच्छ. मावशींनी फार मुत्सद्दी उत्तर दिलं: “मळले तर.” मग पाहुणे. पाहुणे चालणार नाहीत. चालतील, पण मुक्काम नाही. मुक्काम चालेल, पण दोनच दिवस, आणि संडास सार्वजनिक आहे हे त्यांना आधी सांगून ठेवायचं.

या सगळ्यात एक प्रश्न असा आहे, की तो विचारताना मालकीण निवडायची भाजी बाजूला ठेवते. “आडनाव काय?” नाव नाही विचारत, नावाशी काही काम नसतं. आडनाव ऐकून दोन क्षण शांतता. त्या दोन क्षणांत गाव, जात, ताट, देव, सगळ्याची बेरीज-वजाबाकी होते. हिशेब जुळला नाही तर “मिस्टरांना विचारून कळवते.” मिस्टर आतच जेवत बसलेले असतात आणि चमच्याचा आवाज बाहेर येतो. आमचा इस्त्रीवाला मुसलमान आहे. त्याच्याबरोबर गेलो तेव्हा माझे पांढरे केस, बँक, तीस वर्षांचा पत्ता, काही म्हणजे काही कामाला आलं नाही. जिथे गेलो तिथे खोली आदल्या दिवशीच गेलेली होती. एका खोलीची खांबावरची चिठ्ठी मात्र दिवाळीपर्यंत जागेवर होती. शेवटी तो मुंब्र्याला गेला आणि आता तिथून रोज लोकलने डोंबिवलीला येऊन आमचे कपडे इस्त्री करतो. कपड्यांच्या घड्यांवरून त्याचं आडनाव कळत नाही, हे एक बरं.

एकट्या पुरुषाची अवस्था वेगळीच. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा सिनेमा पुण्यातल्या याच अडचणीवर उभा आहे. जोडप्यांनाच जागा मिळणार म्हटल्यावर दोघांना साड्या नेसाव्या लागतात आणि महाराष्ट्र तीन तास हसतो. आज ती युक्ती पहिल्याच दिवशी फसली असती. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, फोटो आणि आधार कार्डासह. परशुराम ज्या पार्वतीबाई होतो, त्यांचं आधार कार्ड आणणार कुठून? शिवाय बोटांचे ठसे घेतल्यावर यंत्राने परशुराम हे नाव दाखवलं असतं आणि सिनेमा मध्यंतराआधीच संपला असता.

आता थोडं गणित, कारण बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ते केल्याशिवाय झोप येत नाही. मावशी ज्या डॉक्टरांकडे पोळ्या करतात ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. साडेसहाशे चौरस फूट, भाडं अठरा हजार. म्हणजे चौरस फुटाला साधारण अठ्ठावीस रुपये. त्यात लिफ्ट, चोवीस तास पाणी, खिडकीतून दिसणारा एक गुलमोहर. मावशींना दाखवलेली खोली बारा बाय दहा, भाडं साडेपाच हजार. चौरस फुटाला शेहेचाळीस रुपये. संडास बाहेर, मोरी आत, आणि खिडकीतून दिसते ती शेजारची खिडकी. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तिची लोकॅलिटी महाग आहे?” मी विषय बदलला.

विजेचंही तसंच. महावितरणचे दर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. शंभर युनिटच्या आत वापर असला तर दर कमी. एक पंखा, दोन दिवे आणि एक टीव्ही असलेल्या घराचा वापर त्या शंभरात आरामात बसतो. पण पाच खोल्यांना मीटर एकच, मालकाच्या नावाचा. पाचांचा वापर एकत्र झाला की बिल वरच्या पायरीवर चढतं. मालक प्रत्येक खोलीला सबमीटर लावतो आणि वरच्या पायरीचा दर, वर थोडी स्वतःची दक्षिणा, असा हिशेब लावतो. गरिबांसाठी ठेवलेला स्वस्त दर गरिबाच्या दारातून आत येतच नाही. मालकही काही मोठा शेठ नसतो, हेही सांगायला हवं. तो आयुष्यभर रिक्षा चालवून पाच खोल्या बांधलेला माणूस असतो आणि त्याचं म्हातारपण या पाच पंख्यांवर चाललेलं असतं.

डिपॉझिट तीस हजार. पहिल्या महिन्याचं भाडं साडेपाच, दलाली साडेपाच, टेम्पो दीड हजार. पंचवीस हजार कमावणाऱ्या घराला दार उघडायलाच साडेबेचाळीस हजार लागतात. ते सोनाराकडे मंगळसूत्र ठेवून उभे राहतात आणि अकरा महिन्यांत कसेबसे फिटतात, तोवर मालक दहा टक्के वाढ मागतो.

याहून सुरस प्रकार म्हणजे हेवी डिपॉझिट. भाडं शून्य! तुम्ही मालकाला दोन-तीन लाख एकरकमी द्यायचे आणि ते त्याच्याकडे आहेत तोवर फुकट राहायचं. जाताना पैसे परत. ऐकायला सोन्यासारखं. पण मालक ते पैसे बँकेत ठेवत नाही. तो त्यातून मुलीचं लग्न करतो. मुदत संपली की तुम्ही पैसे मागता आणि तो म्हणतो, पुढचा हेवी डिपॉझिटवाला आला की देतो. मग तुम्हीच स्वतःच्या पैशांसाठी स्वतःच्या जागी दुसरा माणूस शोधत फिरता. फोडणारा नेहमी मालकच असतो, अशी ही भिशी आहे. तीन लाख देऊन सहा वर्षं अडकलेला एक रंगारी मला माहीत आहे. तो म्हणतो, “काका, मी भाडेकरू नाही, मी सावकार आहे. फक्त माझ्या कर्जदाराच्या घरात राहतो.”

कागदाकडे येऊ. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, असं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकंच नाही, करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. मी हे कलम एका मालकाला वाचून दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “छान आहे. पण आपल्याकडे नोटरी चालते.” त्यामुळे मावशींच्या हाती पडतो तो स्टॅम्प पेपरवरचा नोटरीचा शिक्का. शिक्षणहक्क कायद्याखाली (आरटीई) मुलाला शाळेत घालायचं तर तिथे नोंदणीकृत करार मागतात. म्हणजे ज्यांच्यासाठी ती पंचवीस टक्के जागांची सोय केली, त्यांच्याकडेच तो कागद नसतो.

आणि हे अकरा महिने! वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, असं १९०८ च्या नोंदणी कायद्यात असल्यामुळे देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. आपल्या राज्यात नोंदणी अकरा महिन्यांनाही लागते आणि अकरा दिवसांनाही. पळवाट केव्हाच बुजली, तरी लोक त्याच दिशेने पळतात. दर अकरा महिन्यांनी पिंप, गॅस, देव्हारा आणि नववीतली मुलगी टेम्पोत बसतात.

मालक लोक एवढे धास्तावलेले का, याला इतिहास आहे आणि तो त्यांच्या बाजूने थोडासा ऐकायला हवा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकली. युद्धकाळापुरती योग्य असलेली गोष्ट पुढे पन्नासेक वर्षं चालली. गिरगाव-दादरला आजही महिन्याचं भाडं दोन माणसांच्या मिसळीएवढं असलेली बिऱ्हाडं सापडतील. त्या भाड्यात मालक जिन्याचा कठडाही बदलू शकत नव्हता, त्यामुळे त्याने तो बदलला नाही, आणि भाड्यासाठी नवी चाळ बांधण्याचं खूळ तर कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही. मग १९७३ साली आणखी एक गंमत झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे कोणी लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते, ते कायद्याने संरक्षित भाडेकरू ठरले. आदल्या रात्री तात्पुरता असलेला माणूस सकाळी कायमचा. मालकांच्या घराण्यांत ही कथा आजही लहान मुलांना झोपवताना सांगतात. आताच्या कायद्यात मुदत संपल्यावर लायसन्सवाल्याला जावंच लागतं, न गेला तर दुप्पट रक्कम द्यावी लागते. कायदा बदलून पंचवीस वर्षं झाली. भीती मात्र वडिलोपार्जित आहे.

त्याच्याही आधी या मुंबईने भाड्याच्या घरांचा विचार केला होता, हे आता खोटं वाटेल. १८९६ ला प्लेग आला, गरिबांच्या खोल्यांतला अंधार श्रीमंतांच्या अंगावर आला आणि दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभ्या राहिल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ रिकाम्याच राहिल्या, कारण गिरणी कामगाराला ते भाडं झेपेना. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. ज्यांना भाडं परवडत नव्हतं त्यांना अखेर फुकटात राहायला मिळालं, फक्त त्यासाठी मीठ बनवावं लागलं.

सरकारपेक्षा लोकांनी आपलं आपण बरं भागवलं. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका गावचे पंधरा-वीस बाप्ये एका खोलीत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा निजायचा. ट्रंकेला जागा, खुंटीला शर्ट, जेवण खानावळवाल्या बाईकडे. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. बोटीवर नोकरीला जाणारा गोंयकार आपल्या गावच्या कूडमध्ये अगदी नाममात्र पैशांत उतरायचा. अट एकच, संध्याकाळी तेर्साला, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेला, हजर राहायचं. इतकं स्वस्त भाडं आणि वर देवाचं नाव, असा करार नंतर कोणत्याही प्राधिकरणाला जमलेला नाही.

प्रयत्न नाही केला असं नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने खास भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरने जादा चटईक्षेत्र घ्यायचं आणि बदल्यात १६० चौरस फुटांची घरं बांधून सरकारला द्यायची. घरं बांधलीही गेली. पण भाड्याने घर देणं म्हणजे दर महिन्याला भाडं गोळा करणं, नळ गळला की माणूस पाठवणं, एक गेला की दुसरा शोधणं. फीत कापण्याचा समारंभ एकदाच. सरकारला हा चिकट उद्योग मानवला नाही. कुठे प्रकल्पग्रस्त घातले, कुठे संक्रमण शिबिर केलं, पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या एक करून गिरणी कामगारांना विकायला काढल्या. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा पुन्हा सगळ्यांना आठवलं, की यांना शहरात घर नव्हतं. जुलै महिन्यात केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या संकुलांची योजना मंजूर केली. मजूर नंतर परत आले आणि जुन्याच खोल्यांत जुन्याच भाड्याने, थोडं वाढवून, राहू लागले.

बाकी सगळा जोर घर विकण्यावर. म्हाडाच्या सोडतीत आपल्या महानगर प्रदेशापुरती अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख आहे. मावशींच्या घरचं उत्पन्न तीन लाख. अत्यल्पाच्या निम्मं! एवढ्या खाली सरकारी रकानाच नाही. एकदा मी हौसेने त्यांना अर्ज भरायला सांगितला. त्या म्हणाल्या, “लागली सोडत तर?” मी म्हटलं, उत्तमच. “मग पैसे भरायला लागतील ना काका.” बँक कर्ज देईल, असं तोंडात आलं होतं, पण पोळ्यांची सॅलरी स्लिप नसते, हे बँकवाल्यालाच आधी आठवतं.

१९६१ मध्ये देशातल्या शहरांत ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ मध्ये २८ टक्के उरली, असं केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत छापलं आहे. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे: एकट्या मुंबईत चार लाख ऐंशी हजार घरं रिकामी. कुलूप लावलेली. घर नसलेली माणसं आणि माणसं नसलेली घरं एकाच पिनकोडमध्ये राहतात आणि त्यांची गाठ पडत नाही.

आमच्याच सोसायटीत चार फ्लॅट बंद आहेत. एकाचे मालक न्यू जर्सीत, ते दर दिवाळीला व्हॉट्सॲपवर विचारतात, की नळ गंजले नाहीत ना. वार्षिक सभेत मी सुचवलं, की यातले एक-दोन साध्या कुटुंबांना द्यायला मालकांना सांगू या. सभेत एवढी शांतता आमच्या इथे फक्त राष्ट्रगीताच्या वेळी असते. मग खजिनदार म्हणाले, “म्हणजे नक्की कसली माणसं?” मी म्हटलं, आपल्याकडे पोळ्या करतात, आपले कपडे इस्त्री करतात, आपल्या गेटवर रात्री जागतात, तसली. चिटणीस म्हणाले, ती माणसं उत्तमच आहेत, प्रश्न राहण्याचा आहे. म्हणजे ज्याच्या हाती घराची किल्ली विश्वासाने देता येते, त्याला घराची किल्ली भाड्याने देता येत नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि रंगकामाचा घेतला.

मावशींना शेवटी दिव्याला खोली मिळाली, सहा हजारांना. पाचशेची जादा तरतूद त्यांनी पाचवं घर धरून केली आहे. पहाटे साडेचारला उठतात. मुलीची शाळा डोंबिवलीतच आहे, ती लोकलने येते. करार नोटरीचा, मुदत अकरा महिने, ती येत्या मे महिन्यात संपते, म्हणजे मुलाच्या शाळेची सुट्टी घर बदलण्यात जाईल.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचं घर बंद पडून असेल, आणि चार लाख ऐंशी हजारांतलं एखादं तुमचं असायला काहीच हरकत नाही, तर ते एखाद्या पोळीवाल्या मावशींना, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला द्या. आडनाव विचारू नका. करार नोंदवा, शहरात नोंदणी फी हजार रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे असल्या भाड्याला शे-दोनशे रुपये, आणि हे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. मुदत संपल्यावर कायदा तुमच्याच बाजूला आहे. दोन साक्षीदार लागतात. एक मी येतो, दुसरा तेवढा तुम्ही बघा.